हे आमच्या हद्दीत येत नाही

मिठी नदीची लांबी १७.८४ किलोमीटर. त्यातले ११.८४ किलोमीटर मुंबई महापालिकेकडे आणि उरलेले ६ किलोमीटर एमएमआरडीएकडे, अशी वाटणी २६ जुलै २००५च्या पुरानंतर झाली. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि जिला आपण वर्षानुवर्षं नाला म्हणत होतो ती नदी आहे, हे शहराला एकदाचं कळलं. मग तिच्यासाठी एक प्राधिकरण स्थापन झालं आणि प्रत्यक्ष कामासाठी नदी दोन यंत्रणांमध्ये विभागली गेली. त्यात पाण्यात काय मिसळतं हे तपासणारं प्रदूषण नियंत्रण मंडळ वेगळं आणि मुखाजवळच्या खारफुटीचं वनखातं वेगळं.

ही वाटणीच चुकीची होती, असं मला म्हणायचं नाही. एवढं मोठं काम वाटूनच करावं लागतं. मला छळणारा प्रश्न जरा वेगळा आहे. काम वाटता येतं, पण जबाबदारी वाटता येते का? उद्या ही नदी पूर्ण मेली तर तिच्या मरणाची दोन तृतीयांश जबाबदारी एकाची आणि एक तृतीयांश दुसऱ्याची, असा काही हिशेब असतो का?

अमेरिकन राजकीय विचारवंत डेनिस थॉम्प्सन यांनी १९८० साली या पेचाला ‘अनेक हातांचा प्रश्न’ असं नाव दिलं. एखादा निर्णय इतक्या हातांतून जातो की वाईट परिणाम समोर दिसतो, पण तो घडवणारा हात सापडत नाही. आपल्याला हे समजायला अमेरिकेत जायची गरज नाही म्हणा. बिरबलाची हौदाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. प्रत्येकाने रात्री एक तांब्या दूध ओतायचं, प्रत्येकाला वाटतं माझ्या एका तांब्यानं काय होणार, आणि सकाळी हौद पाण्यानं भरलेला.

पण नीट बघितलं तर शहरातल्या निसर्गाची गोष्ट त्याहून अवघड आहे. बिरबलाच्या गोष्टीतले लोक लबाड होते. इथं बऱ्याचदा प्रत्येकानं आपला तांब्या दुधाचाच ओतलेला असतो. फाइल वेळेत पुढे गेलेली असते, परवानगी नियमानं दिलेली असते, सह्या खऱ्या असतात. तरी सकाळी हौदात पाणीच निघतं.

आमच्या गल्लीत एक पर्जन्यवृक्ष आहे. फूटपाथ नव्यानं केला तेव्हा त्याच्या बुंध्याला लागून सगळीकडे काँक्रीट ओतलं गेलं, मुळांशी पाणी जायला वीतभरही जागा ठेवली नाही. मी फोन करायला सुरुवात केली. पहिल्या कार्यालयानं दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा. तिसऱ्या कार्यालयातले गृहस्थ अगदी सभ्य होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, झाड आमचं आहे, पण सिमेंट आमचं नाही.”

मी त्या वाक्यावर खूप विचार केला. ते खोटं नव्हतं. ते गृहस्थ कामचुकार होते असंही नाही. सिमेंट फोडायला त्यांनी माणसं पाठवली असती तर वरिष्ठांनी त्यांनाच जाब विचारला असता. एक खरं वाक्य, एक सज्जन माणूस आणि गुदमरणारं झाड, असं तिघं एकाच फोनवर होते. यात दोष कुणाचा म्हणायचा?

ठाणे खाडीकडे बघितलं की हा प्रश्न आणखी गुंततो. तिथे दरवर्षी हिवाळ्याच्या सुमारास फ्लेमिंगो येतात, मराठीत आपण त्यांना रोहित किंवा अग्निपंख म्हणतो. चांगल्या वर्षी त्यांची संख्या लाखाच्या वर जाते. २०१५ साली खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली त्याला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. नकाशावर बघितलं तर काम फत्ते.

आता पक्ष्याचा दिवस बघा. ओहोटी लागली की खाडीतला चिखल उघडा पडतो आणि हे पक्षी त्यात चोच उलटी खुपसून शेवाळ गाळून खातात. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो. मग त्यांना कुठेतरी उथळ पाण्यात उभं राहायला जागा लागते. ती जागा खाडीपलीकडे नवी मुंबईच्या तळ्यांत आणि पाणथळींत आहे, आणि ती अभयारण्याच्या रेषेबाहेर पडते. म्हणजे पक्षी जेवतो अभयारण्यात आणि विश्रांती घेतो भविष्यातल्या प्लॉटवर. दिवसातून दोनदा तो एका कार्यालयाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातो, वेळापत्रक चंद्राचं.

नेरूळमधल्या डीपीएस तळ्याचं उदाहरण घ्या. जमीन सिडकोच्या ताब्यातली. भोवतालचं शहर नवी मुंबई महापालिकेचं, जी स्वतःला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवते आणि चौकांत त्यांचे पुतळे उभारते. शेजारची खारफुटी वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे. पक्षी वन्यजीव कायद्याखाली. २०२४च्या उन्हाळ्यात भरतीचं पाणी आत आणणारे मार्ग बुजल्यामुळे तळं कोरडं पडत गेलं, गोंधळलेले पक्षी रस्त्यावर उतरू लागले, काही मेले. त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपरला एका विमानाच्या धडकेत सुमारे ३९ फ्लेमिंगो मेले. इमारतींच्या मधल्या रस्त्यावर गुलाबी पिसं पडल्याचे फोटो तुमच्याही फोनवर आले असतील. मग चर्चा सुरू झाली. त्यांना उडवलं कशानं? दिवे? विजेच्या तारा? तळ्यांची अवस्था? प्रत्येक उत्तराचं कार्यालय वेगळं.

यात एक गंमतही आहे, जी सांगितल्याशिवाय राहवत नाही. खाडीत एवढं शेवाळ वाढतं याचं एक कारण आपलं सांडपाणी मानलं जातं. म्हणजे ज्या खात्याचं काम पाणी स्वच्छ करणं, ते शंभर टक्के यशस्वी झालं तर ज्या खात्याचं काम पक्षी राखणं त्याची पंचाईत होऊ शकते. दोघंही आपापलं कर्तव्य करत असताना एकमेकांना अडचणीत आणतील. तेव्हा ‘प्रत्येकानं आपलं काम नीट केलं की झालं’ हा आपला लाडका समज इथं टिकत नाही. हे पटायला मला बराच वेळ लागला, कारण शाळेपासून आपल्याला नेमकं हेच शिकवलेलं असतं.

यावर एक सोपं उत्तर लगेच सुचतं. सगळ्यांना एका छताखाली आणा. शहराच्या निसर्गासाठी एकच मोठं प्राधिकरण, एकच साहेब, एकच फोन नंबर. समन्वय वाढवा. हा शब्द प्रत्येक अहवालात आणि परिसंवादात असतोच.

मला या शब्दाची थोडी भीती वाटते, आणि त्याचं कारण आरे आहे. ४ ऑक्टोबर २०१९ला मुंबई उच्च न्यायालयानं मेट्रो कारशेडविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी तयार होती, यंत्रं तयार होती, विजेचे झोत तयार होते, पोलीस तयार होते, जमावबंदी लागू झाली, आंदोलकांना अटक झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं वृक्षतोड थांबवली तोवर २,१४१ झाडं गेली होती. या शहरात एवढ्या यंत्रणांनी एवढ्या कमी तासांत इतकं बिनचूक एकत्र काम केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. हाही समन्वयच होता. कुणीही कुणाला म्हणालं नाही की हे आमच्या हद्दीत येत नाही.

कारशेड तिथं व्हायला हवी होती की नको, हा वाद मी इथं उकरत नाही. मेट्रोही लोकांच्या फुप्फुसांसाठीच होती, हा युक्तिवाद मी गांभीर्यानं घेते. माझा मुद्दा एवढाच की ‘एकत्र काम करणं’ हा स्वतःमध्ये सद्गुण नाही. कशासाठी एकत्र आलात, ते आधी सांगा.

आणि कधीकधी वेगळं असणं हेच संरक्षण असतं. महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्ष कायद्यात महापालिका क्षेत्रातल्या वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्ष खुद्द महापालिका आयुक्त असतात. आता महापालिकेच्याच रस्त्यासाठी झाडं तोडायची असतील तर अर्ज करणाऱ्या संस्थेचा प्रमुख आणि परवानगी देणाऱ्या संस्थेचा प्रमुख एकच. याहून जास्त समन्वय काय असणार? उलट जिथे वेगळी संस्था अडून बसली तिथेच काहीतरी वाचलं. मुंबईची खारफुटी घ्या. नागरिकांची एक संघटना न्यायालयात गेली, २००५ साली अंतरिम आदेश आला, २०१८ साली अंतिम निकाल आला, आणि सरकारी जमिनीवरची खारफुटी वनखात्याकडे द्या असं सांगितलं गेलं. ती ज्यांच्या ताब्यात होती त्या विकास करणाऱ्या संस्थांवर सोडली असती तर काय झालं असतं, याची कल्पना करा. किंवा पुन्हा आरेच घ्या. ८४ झाडांची मुभा असताना जास्त झाडांसाठी प्राधिकरणाकडे गेल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०२३च्या एप्रिलमध्ये मेट्रो कंपनीला १० लाखांचा दंड केला. ‘नाही’ म्हणणारं कुणीतरी बाहेर होतं म्हणून हे घडलं.

अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या शहरांमधल्या पोलीस यंत्रणांचा अभ्यास केला होता. अनेक छोटी, एकमेकांच्या हद्दीत शिरणारी ठाणी म्हणजे नुसता गोंधळ, एकच मोठं खातं बरं, असा तेव्हाचा समज होता. त्यांना तसं आढळलं नाही. अनेक केंद्रं असणं हा आपोआप दोष नाही, हे त्यांनी पुढे आयुष्यभर जंगलं, पाणी, मासेमारी यांबद्दलही दाखवलं.

म्हणजे कार्यालयं अनेक असणं हा रोग नाही, आणि ती एक करणं हा इलाज नाही. मग काय? माझ्याकडे याचं सर्वात चांगलं उत्तर बिबट्याच्या रूपात आहे.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. २०१५च्या कॅमेरा-ट्रॅप गणनेत तिथं आणि आसपास किमान ३५ बिबटे आढळले. त्याआधी, २००२ ते २००४च्या काळात, उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांवर हल्ले शिगेला पोचले होते. माणसं मरत होती, बरीचशी लहान मुलं. लोकांची मागणी स्वाभाविक होती. पिंजरा लावा, पकडा, लांब नेऊन सोडा. आणि वनखातं ते करतही होतं. बिबट्या आमचा, तो पकडला, आमचं काम झालं.

विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात केलेल्या संशोधनातून वेगळंच चित्र समोर आलं. पकडून दुसरीकडे सोडलेल्या बिबट्यांमुळे सोडलेल्या ठिकाणांजवळ माणसांवरचे हल्ले वाढत होते. म्हणजे एका हद्दीतलं संकट उचलून दुसऱ्या हद्दीत ठेवलं जात होतं, आणि ते ठेवताना आणखी धारदार होत होतं. २०११ साली उद्यानाचे तेव्हाचे प्रमुख सुनील लिमये यांच्या पुढाकारानं ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू झाला. अत्रेय आणि इतर संशोधक त्यात आले, नागरिक आले. त्यांनी प्रश्न उलटा विचारला. बिबट्या वस्तीत का येतो?

उत्तर एखाद्या साखळीच्या गोष्टीसारखं होतं. बिबट्या येतो कुत्र्यासाठी. कुत्रा येतो कचऱ्यासाठी. कचरा पडतो कारण तो उचलला जात नाही. माणूस अंधारात बाहेर जातो कारण घरात संडास नाही. आणि बिबट्या दिसला की गर्दी जमते, गर्दीनं घेरलेला प्राणी हल्ला करतो. आता ही साखळी कार्यालयांच्या भाषेत वाचा. बिबट्या वनखात्याचा, कुत्रा महापालिकेच्या पशुवैद्यकीय खात्याचा, कचरा घनकचरा खात्याचा, संडास आणखी कुणाचा, गर्दी पोलिसांची, आणि घबराट पसरवणारा मथळा वर्तमानपत्राचा. पिंजरा साखळीच्या फक्त पहिल्या कडीला लागत होता.

त्यांनी नवं प्राधिकरण काढलं नाही. कुणाचे अधिकार काढून कुणाला दिले नाहीत. वनखात्याची माणसं महापालिकेकडे कचऱ्याबद्दल बोलायला गेली, पोलिसांकडे गर्दी कशी हटवायची ते सांगायला गेली, पत्रकारांसाठी कार्यशाळा घेतल्या. म्हणजे जे त्यांच्या हद्दीत नव्हतं त्याबद्दल बोलायला ते स्वतः चालत गेले. नंतरची काही वर्षं हल्ले जवळपास थांबले. आता बिबट्याकडे बघायची नजरही थोडी बदलली आहे. २०१८च्या एका अभ्यासानं अंदाज मांडला की हे बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्रा चावण्याच्या हजारापर्यंत घटना टळत असाव्यात. महापालिकेच्या आरोग्याचं काम वनखात्याचा प्राणी करतोय, तेही बिनपगारी.

आरेच्या रात्री आणि बिबट्याच्या बाबतीत, दोन्ही वेळा यंत्रणा एकत्र आल्या. फरक मला असा दिसतो. आरेत सगळे एका प्रकल्पाभोवती जमले होते आणि प्रत्येकाकडे त्या प्रकल्पातलं आपलं काम होतं. इथं ते एका प्रश्नाभोवती जमले, ज्यात प्रत्येकाला आपल्या कामापलीकडे बघावं लागलं. म्हणून माझं मत असं झालं आहे की हद्द ही अधिकाराला असावी, कुतूहलाला असू नये. सिमेंट फोडायचा अधिकार त्या फोनवरच्या गृहस्थांना नव्हता, हे मान्य. पण पुढचा फोन मी का करायचा? तो त्यांनी करायचा होता. ‘आमचं नाही’ म्हणणाऱ्यानंच ‘ज्यांचं आहे त्यांना मी कळवलंय, आणि त्यांनी काय केलं ते मी आठवड्यानं विचारणार आहे’ हे म्हणणं, एवढं कर्तव्य कुठल्याही सरकारी माणसावर, नोकरीच्या अटींत नसलं तरी नैतिकदृष्ट्या असतंच, असं मला वाटतं. त्याला कायदा बदलावा लागत नाही, बजेट लागत नाही.

कायदा हवाच असेल तर तोही आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिनं लोकांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही करावी असं सांगितलं. कोळ्याला खाडीबद्दल काय माहीत आहे, वारली आजीला रानभाज्यांबद्दल काय माहीत आहे, ते शहराच्या अधिकृत कागदावर यावं अशी ती कल्पना. देशभर समित्याच नीट होईनात, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर महिन्याला १० लाखांच्या भरपाईची धास्ती घातली. धास्तीनं नोंदवह्या होतात, पण आजीला विचारायला वेळ लागतो. तुमच्या गावाची किंवा शहराची नोंदवही कुणी बघितलीय का? मला अजून एकही मित्र भेटला नाही ज्यानं बघितलीय.

हे सगळं लिहिताना मी बिबट्याच्या यशाची गोष्ट पूर्ण झाली असं सांगू शकत नाही. २०२२च्या दिवाळीत आरे कॉलनीत सोळा महिन्यांची एक मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. आरेची जमीन मुळात दुग्धविकास विभागाची. त्यातली सुमारे ८१२ एकर नंतर राखीव वन झाली, काही भाग इतर संस्थांकडे. अशा ठिकाणी दिवा कुणी लावायचा, कचरा कुणी उचलायचा, हे प्रश्न दर वेळी नव्यानं विचारावे लागतात. समन्वय ही एकदा करून संपणारी गोष्ट नाही, अधिकारी बदलतात, त्यांच्याबरोबर ओळखी बदलतात आणि साखळीची एखादी कडी पुन्हा सुटते. इथं माझ्या ‘पुढचा फोन’ या उपायाची मर्यादाही दिसते. तो माणसाच्या सचोटीवर उभा आहे, आणि माणसाची बदली होते. त्या मुलीच्या घरच्यांना मी हा निबंध वाचून दाखवू शकणार नाही.

एप्रिल २०२५मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं नेरूळच्या त्या तीसेक एकर डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. चांगली बातमी आहे, मी ती चार ग्रुपवर पाठवली. पण तळं जिवंत राहतं ते भरतीचं पाणी आत येतं म्हणून, आणि ते मार्ग वर्षातून काही वेळा साफ करावे लागतील. ते काम नेमक्या कुठल्या कार्यालयाच्या कामांच्या यादीत लिहिलं जातं, हे मला बघायचं आहे. नोव्हेंबरच्या सुमारास पक्षी यायला लागतात. नेरूळ स्टेशनवरून रिक्षानं जाता येतं. भरतीची वेळ बघून निघा, म्हणजे तळ्यात पाणी आहे की नाही ते तिथं पोचल्यावर कळेल.